सरड्याचं सलाईन

माझे मेव्हणे रामारो हे आमच्या बेटावरच्या अंत्सिराबे गावातले नावाजलेले वक्ते. आमच्याकडे लग्न ठरवायचं असो, मयताला पोचवायचं असो, की थडग्यातल्या पूर्वजांना बाहेर काढून नवं वस्त्र नेसवायचं असो, भाषणाशिवाय पान हलत नाही. आणि भाषण लांब असावं लागतं. भात निवला, म्हातारी माणसं बसल्या जागी घोरायला लागली, की पाहुण्यांची खात्री पटते, यजमानांनी कुठे हात आखडता घेतलेला नाही. रामारोंच्या भाषणात भात निवायचाच, वर रश्शावर साय धरायची.

त्यांचं सगळं भांडवल म्हणजे एक म्हण. 'चालावं तर सरड्यासारखं, एक डोळा पुढच्या वाटेवर, एक मागच्या.' ही म्हण या बेटावर शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण रामारो ती उच्चारण्याआधी असे थांबायचे, घसा असा खाकरायचे, की पूर्वजांनी ती नुकतीच त्यांच्या कानात सांगितली असावी.

पुढे बाजारात तरुण वक्ते आले. त्यांच्याकडे माईक होते, मागे बाजाची पेटी वाजवायला भाचा होता. रामारोंची मागणी घटली. तेव्हा गेल्या ईस्टरला त्यांनी एक युक्ती काढली. म्हणीतला सरडाच पिंजऱ्यात घालून मंडपात न्यायचा.

युक्तीत एक अडचण होती. सरड्याला हात लावणं ही आमच्या घराण्यांत फादी आहे, म्हणजे पूर्वजांनीच घालून ठेवलेली बंदी. हात लावायचा नाही, सरळ बोट दाखवायचं नाही. तो रस्ता ओलांडत असला तर बसचा ड्रायव्हर इंजिन बंद करून बसतो आणि प्रवासी खाली उतरून लघवीला जातात, कारण सरडा घाईत नसतो. रामारोंनी कुंपणावरच्या सरड्यापुढे आपली काठी धरली. सरडा विचार करत करत काठीवर आला. काठी पिंजऱ्यात गेली.

"पूर्वजांनी हाताला मनाई केलेली आहे," रामारो म्हणाले. "काठीबद्दल त्यांनी काही सांगून ठेवलेलं नाही."

वकील व्हायचा माणूस वक्ता झाला, ही आमच्या गावच्या कोर्टांची केवढी हानी!

सरडा गाजला. 'एक डोळा पुढे' म्हटलं की सरड्याचा एक डोळा खरोखरच पुढे वळायचा आणि दुसरा मागे बसलेल्या वऱ्हाडाकडे. बायका किंचाळायच्या, पुरुष टाळ्या वाजवायचे. पिंजरा रामारोंच्या ओसरीच्या पन्हळीखाली टांगलेला असायचा. शेजारी खाटकाचं दुकान असल्यामुळे माश्यांना तोटा नव्हता. रोज संध्याकाळी पाऊस पडे, पन्हळीतून पाणी पिंजऱ्यातल्या फांदीवर ठिबके. सरडा हिरवागार होता, आणि त्याचं श्रेय रामारो स्वतःकडे घेत होते.

मग थंडी आली, पाऊस संपला. रामारोंना माया आली. त्यांनी पिंजरा घरात घेतला आणि सरड्याचा पाहुणचार सुरू केला. दुपारी वाटीभर भात. भातामागून, भांड्याला लागलेल्या करपट भाताचं गरम पाणी, जे आम्ही प्रत्येक जेवणानंतर पाहुण्याला देतो. पाहुण्याने वाटीला तोंडही लावलं नाही.

"उपास करतोय," रामारो सांगायचे. "जुन्या वळणाचा आहे. लगेच हो म्हणत नाही."

या जुन्या वळणाच्या प्राण्याचा रंग आधी गवतासारखा, मग चहासारखा आणि शेवटी चुलीतल्या लाकडासारखा झाला. कातडी सैल पडली, डोळ्यांच्या जागी खळगे झाले. आणि एके सकाळी त्याने दोन्ही डोळे मिटले. ज्याने एक डोळा पुढे आणि एक मागे ठेवायचा, त्याने कुठेच बघायचं नाही असं ठरवलं. रामारोंच्या धंद्याच्या दृष्टीने ही फारच चुकीची म्हण होती.

आमच्याकडे सरडा मारणं वाईट. पण घरात सरडा मरणं त्याहून वाईट. त्यामुळे त्याची जी काही शुश्रूषा झाली ती अशी, की प्रत्येकाने त्याला दुसऱ्याच्या घरी पोचवलं. रामारोंच्या बायकोने पिंजरा धाकट्या दिराकडे धाडला. धाकट्या दिराने, हवापालट हवा म्हणून, सासुरवाडीला. सासुरवाडीने, तिथे फार वारा आहे म्हणून, परत. शेवटी सायकलरिक्षा करून रामारो माझ्या दारात उतरले. पिंजरा त्यांनी स्वतःच्या मांडीवर धरला होता, काठीला अडकवून. रिक्षावाला म्हणाला होता, माणूस नेईन, तो मात्र तुम्ही धरा.

"मास्तर," रामारो म्हणाले, "तुम्ही शिकलेले. तुम्हाला ही फादीबिदी काही नाही."

ही माझी ख्याती खरी आहे. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि दर वर्षी अंधश्रद्धेवर एक तास घेतो. मुलांना तो आवडतो, कारण त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही. माझा पूर्वजांच्या बंदीवर विश्वास नाही. फक्त, आपला विश्वास नाही हे पूर्वजांना मुद्दाम हात लावून कळवायची काय गरज, असं माझं मत आहे.

"ठेवा तिथे," मी चार हात लांबून म्हणालो.

माझी बायको बाकोली आतून आली, तिने पिंजरा पाहिला आणि भावाकडे वळली. "दादा, डोकं फिरलंय का तुझं? शनिवारी काय आहे माहितीय ना?"

शनिवारी आमच्या फाराचं लग्न ठरायचं होतं. फारा आमची एकुलती एक. दवाखान्यात नर्स आहे. मुलगा त्सिरी, कष्टाळू, अबोल. त्याची बदली दक्षिणेच्या बंदरावर झाली होती आणि महिनाअखेरीला त्याला जायचं होतं. शनिवारी वरपक्षाने येऊन मेंढ्याच्या पुठ्ठ्याचा, म्हणजे मागच्या मांसाचा, मान मुलीच्या घराला द्यायचा, दोन्हीकडच्या वक्त्यांनी भात निववायचा, की फारा त्याच्याबरोबर जायला मोकळी. पण त्सिरीची आजी, सगळं गाव जिला बेबे म्हणतं ती, तिचा एक नियम होता. ज्या घरात सरडा मेला त्या घरची मुलगी वर्षभर आणायची नाही. पूर्वजांनी त्या घरावरून डोळे काढलेले असतात. दोन वर्षांपूर्वी तिने अशाच कारणावरून एक ठरलेली सून परत पाठवली होती. तो सरडासुद्धा म्हणे अंगणातल्या अंगणात मेला होता.

"मग आत्ताच्या आत्ता बाहेर ने," बाकोली म्हणाली.

"नेतो. पण दाराबाहेर नेताना वाटेत गेला तर? उंबऱ्यावर?" रामारो म्हणाले. "उंबरा घरात धरतात, बाकोली."

आम्ही तिघेही पिंजऱ्याकडे बघत राहिलो. सरडा आमच्याकडे बघत नव्हता.

गुरांचे डॉक्टर आन्द्री आले. आमच्या गावात गायी फार, त्यामुळे डॉक्टरांचा हात जड आहे. पण हाताचा प्रश्नच आला नाही. ते दारातच उभे राहिले, दोन्ही हात पाठीशी बांधून.

"पाणी आटलंय अंगातलं," ते म्हणाले. "प्यायला काय देता?"

"सगळं देतो!" रामारो दुखावले. "भाताचं पाणी, गरम, तीन तीन वेळा. वाटी पण चांगली, काचेची."

"वाटीतलं पाणी त्याला दिसत नाही. पानावरून ओघळणारा थेंब दिसतो, तोच तो पितो. तुमच्या वाटीत त्याला फार तर काच दिसत असेल."

रामारोंना आयुष्यात प्रथमच कळलं, की आपण ज्याच्यावर उभी हयात बोललो त्याच्याशी आपली ओळख नव्हती.

"सकाळचं ऊन द्या. झाडावर ठेवा. नाकावर थेंब पडत राहू दे, सावकाश, दिवसभर. पोटात पाणी गेल्याशिवाय खायला काही नको. आणि आधी एकदा उचलून बघायला हवं, कातडी किती..."

"उचला की," मी म्हणालो.

"मी?" डॉक्टर एक पाऊल मागे सरकले. "मी डॉक्टर आहे हो मास्तर, पण आईकडून मी बेताफू गावचा आहे. आमच्यात चालत नाही."

आणि जाताना पिंजऱ्याकडे त्यांनी वाकड्या बोटाने खूण केली, कारण सरळ बोट दाखवणं विज्ञानालाही परवडत नाही.

संध्याकाळी फारा कामावरून आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दवाखान्यातून जुना सलाईनचा संच घेऊन आली. बाटलीत उकळून कोमट केलेलं साधं पाणी. आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीत सकाळचं ऊन येतं, तिथे तिने कुंडीतलं कॉफीचं रोप ठेवलं, सरड्याच्या पायांखाली काठी सरकवली आणि त्याला रोपावर उतरवलं. बाटली कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली. नळीची चकती फिरवून थेंब असा लावला, की तो वरच्या पानावर पडावा, पानावरून सरड्याच्या नाकावर आणि नाकावरून ओठाच्या कडेला.

"हात लागला नाही ना?" बाकोलीने विचारलं.

"काठीला लागला आई."

"बघा," रामारो म्हणाले, "काठीचा मुद्दा शेवटी मान्य झाला."

फारा पलंगाच्या कडेला बसून थेंब पडताना बघत राहिली. तिचं लक्ष सरड्याकडे होतं असं मला वाटलं; मग दिसलं की ती कॅलेंडरातल्या शनिवाराकडे बघतेय. कॅलेंडर आता जमिनीवर भिंतीला टेकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या मदाम झुली गाजरं घेऊन बाजाराकडे निघाल्या. वाटेत त्यांना आमच्या खिडकीत सलाईनची बाटली दिसली. बाजार बाजूला टाकून त्या परत फिरल्या आणि थोड्या वेळात संत्र्यांची पिशवी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. आजाऱ्याला बघायला न जाणाऱ्याला आमच्याकडे माणसात मोजत नाहीत.

"मास्तरांना काय झालं गं?"

बाकोलीपुढे दोन रस्ते होते. सरड्याचं सांगायचं, म्हणजे दुपारपर्यंत ते बेबेच्या कानावर. किंवा नवरा द्यायचा. बावीस वर्षांच्या संसारानंतर तिने क्षणाचाही विचार केला नाही.

"झोपलेत," ती म्हणाली.

मी त्या वेळी स्वयंपाकघरात भुईमुगाच्या शेंगा खात होतो. मला मागच्या दाराने खोलीत आणून, बुटांसकट, गोधडीखाली घालण्यात आलं. रोपावर बाकोलीने आपली मोठी शाल सोडली. सलाईनची नळी माझ्या गोधडीखालून शालीकडे गेली. बाहेरून बघणाऱ्याला ती माझ्या दंडात गेलेली दिसे.

"कसं वाटतंय मास्तर?"

"बरं आहे," मी म्हणालो. तोंडात शेंगदाणा होता, त्यामुळे आवाज खोल आला. मदाम झुलींनी डोळे पुसले.

दुपारी गल्ली आली. संध्याकाळी शाळा आली. हेडमास्तरांनी माझ्या जागी बदली शिक्षक नेमल्याचं मोठ्या सहृदयतेने सांगितलं. तो शिक्षक, ते म्हणाले, मुलांना फारच आवडतोय. पाद्रीसाहेब आले आणि मी गेल्या वर्षी चर्चमध्ये किती वेळा आलो याचा हिशेब न काढता प्रार्थना केली. हे मला सर्वांत गंभीर लक्षण वाटलं. दर पाहुण्यामागे माझा आजार बदलत होता. सकाळी यकृत होतं, दुपारी रक्तदाब झाला, संध्याकाळी सहा मैलांवरच्या चुलतभावाला कळलं तोपर्यंत वाचा गेलेली होती.

रामारो खोलीच्या दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकासमोर माझ्यावर बोलायचे. बोलायची संधी मिळाली की तो माणूस बोलायचा थांबत नाही, मग समोर मंडप असो की मेव्हणा. "हे घर म्हणजे एक झाड," ते म्हणाले, "आणि हा त्याचा बुंधा..." मला माझ्याच मयतातलं भाषण फुकट ऐकायला मिळालं. लांब होतं.

आणि शालीमागे दिवसभर टप... टप...

आधी नुसतं पाणी कुंडीत जात होतं. फारा कामावर जाण्याआधी आणि आल्यावर शाल वर करून बघायची. गुरुवारी कामावरून आल्यावर तिने एकदम माझा हात घट्ट धरला.

"बाबा! गळा हलला त्याचा."

मी गोधडीतून मान काढली. थेंब नाकावरून ओघळून ओठाशी आला आणि सरड्याने, डोळे मिटूनच, गिळला. पुन्हा एक. पुन्हा. एखाद्या म्हाताऱ्याने नको नको म्हणत दुसऱ्यांदा सूप घ्यावं तसा.

"पितोय," फारा म्हणाली, आणि रडायला लागली. मदाम झुली त्याच वेळी खिडकीवरून जात होत्या. अर्ध्या तासात पाद्रीसाहेब पुन्हा आले.

शुक्रवारी सकाळी बेबे आली.

तिने एका काखेत जिवंत कोंबडी धरली होती आणि मागे त्सिरी होता, संत्री घेऊन, बिचारा. बेबे पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली, कोंबडी मांडीवर घेतली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"फार झालंय म्हणे."

"चालायचंच, बेबे," मी म्हणालो.

"गाल तर चांगले वर आलेत."

"सूज आहे," बाकोली म्हणाली.

रामारो पुढे झाले. "बेबे, हे घर म्हणजे एक झाड..."

"तू थांब." बेबे बाटलीकडे बघत होती. मग नळीकडे. नळीवरून तिची नजर खाली उतरली, माझ्या दंडापाशी आली, तिथे थांबली नाही, गोधडीच्या कडेने पुढे गेली. माणसाने सत्तरी ओलांडली की त्याची दृष्टी जाते असं म्हणतात. हे म्हणणाऱ्यांना नातसून शोधणारी बाई भेटलेली नसते.

"पाणी याच्यात जात नाही," ती म्हणाली. "कुठे जातंय?"

फक्त कोंबडी बोलली. बेबेने तिला माझ्या पोटावर ठेवलं, उठली आणि शाल ओढली.

सरडा कॉफीच्या फांदीवर उन्हात बसला होता. पाठीवर हिरवा रंग परतला होता, पोटाशी अजून थोडा चहा होता. नाकावर थेंब. त्सिरीच्या हातातलं एक संत्रं खाली पडून पलंगाखाली गेलं. त्या आवाजाने सरड्याने एक डोळा उघडला. तो बेबेकडे वळला. मग दुसरा उघडला, तो रामारोंकडे.

"एक डोळा पु..." रामारोंच्या तोंडून सवयीने निघालं.

"गप्प!" बेबे म्हणाली. तिने वाकड्या बोटाने सरड्याकडे खूण केली. "हा मरायला टेकला होता?"

"हो बेबे," फारा म्हणाली. आम्ही बाकीचे 'नाही' म्हणायला तोंड उघडत होतो.

"घरात?"

"घरात. मामांनी वाटीत पाणी दिलं, त्याने प्यायलं नाही. मी थेंब लावले. कालपासून पितोय."

"आणि हा?" वाकडं बोट माझ्याकडे आलं.

"बाबा ठणठणीत आहेत. तुम्हाला कळू नये म्हणून झोपवलं त्यांना."

बेबे पुन्हा खुर्चीत बसली. ती थेंब मोजल्यासारखी बघत होती. त्सिरी फाराकडे बघत होता, फारा जमिनीकडे, आणि बाकोली माझ्याकडे अशी, जणू आजार माझ्याच्याने नीट वठला नाही.

"मेला नाही," बेबे शेवटी म्हणाली. "माझा नियम मेलेल्याचा आहे. न मेलेल्याबद्दल माझ्या सासूने काही सांगितलेलं नाही."

काठीचा मुद्दा दोन्ही घराण्यांत चालतो, हे पाहून मला हे लग्न टिकेल अशी आशा वाटू लागली.

"उद्या येतो आम्ही," ती उठत म्हणाली. "पोरगी खोटं बोलत नाही, तुमच्यात एवढं एक बरं आहे. पण एक अट. हा उद्या मंडपात नको, आणि याची म्हणही नको. जित्या जनावराला वाळवून म्हणी सांगतात मेले!"

रामारोंचा चेहरा तपकिरी झाला. "बेबे, म्हणीशिवाय माझं भाषण..."

"छोटं होईल," बेबे म्हणाली. दारात वळून तिने कोंबडीकडे बघितलं. ती अजून माझ्या पोटावर होती. "ही राहू दे. आजारी माणसासाठी आणली होती, परत न्यायची नसते."

शनिवारी वरपक्षाच्या वक्त्याने माईकवर ती म्हण दोनदा म्हटली, कारण त्याला कुणी अट घातली नव्हती. मग रामारो उभे राहिले. घसा खाकरला, थांबले, आणि आम्ही पाहिलं की थांबण्याच्या पलीकडे त्यांच्याकडे काही उरलेलं नाही. "मुलगी चांगली आहे," ते म्हणाले. "मुलगाही चांगला दिसतो. घेऊन जा." आणि बसले. मग भात आला आणि त्यातून वाफा निघत होत्या. असं अंत्सिराबेत कुणी पाहिलेलं नव्हतं. जेवताना तीन घरांनी रामारोंना पुढच्या महिन्याची तारीख विचारली.

महिनाअखेरीला फारा त्सिरीबरोबर गेली. सलाईनचा संच ठेवून गेली. पाऊस येईपर्यंत मी रोज सकाळी बाटली भरत होतो, चकती फिरवत होतो. फारा फोनवर आधी त्याची चौकशी करायची, मग माझी. पहिला पाऊस झाला तसं मी रोप काठीने अलगद उचलून, म्हणजे कुंडी हाताने आणि सरडा नजरेने, अंगणात नेलं. सरडा फांदीवरून कुंपणावर गेला. सरड्याची धाव तिथपर्यंतच असते म्हणतात, आणि तो तिथेच राहिला.

मदाम झुली अजून खिडकीवरून जाताना थांबतात.

"मास्तर, आता कसं आहे हो?"

मी कुंपणाकडे बघतो. पानावरून थेंब ओघळत असतो.

"पितोय," मी सांगतो.

तेव्हापासून गल्लीत बोलवा आहे, की मुलगी सासरी गेल्यापासून मास्तर बाटलीला लागले.